शालेय आरोग्यशिक्षण : व्याख्यान होते, वर्तन बदलते का?

आपल्या व्यवसायबंधूंच्या निरनिराळ्या शाखांचे वार्षिक अहवाल चाळले, तर ‘शालेय व्याख्याने’ हा रकाना बहुतेक प्रत्येक अहवालात आढळतो. अमुक शाखेने इतक्या शाळांत दिनचर्येवर व्याख्याने दिली, इतक्या विद्यार्थ्यांनी लाभ घेतला, मुख्याध्यापकांनी आभार मानले. आयुर्वेद दिनाच्या आसपास हे उपक्रम विशेष होतात. २०२५ पासून हा दिन २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस साजरा होत असल्याने शाळांना त्याचे नियोजनही सोपे झाले आहे. या उपक्रमांमागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दवाखाना बंद ठेवून, पदरचे पेट्रोल जाळून वैद्य शाळेत जातो. परंतु त्या अहवालातील ‘लाभ घेतला’ या शब्दांपाशी थोडे थांबणे आवश्यक वाटते. रुग्णास औषध दिले म्हणजे रुग्ण बरा झाला असे आपण केसपेपरवर लिहीत नाही, उपशय-अनुपशय पाहतो. शाळेत दिलेल्या उपदेशाचा उपशय कोणी पाहिला आहे काय?

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. जेथे या विषयाला अभ्यासक्रमात रीतसर स्थान मिळाले आणि ज्याची नंतर कसोशीने तपासणी झाली, अशा देशांचा अनुभव प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल.

परदेशातील अनुभव

इंग्लंडमध्ये ‘वैयक्तिक, सामाजिक व आरोग्य शिक्षण’ या नावाचा विषय २००० साली राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या चौकटीत आला. मात्र तो सक्तीचा नव्हता. आहार, व्यायाम, व्यसने, मैत्री, शरीरातील बदल, भावनांचे नियमन असे सारे त्यात होते. शाळांची तपासणी करणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या सरकारी यंत्रणेने २०१३ साली त्यावर अहवाल काढला. ‘अजून पुरेसे चांगले नाही’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच बोलके होते. पाहणी केलेल्या शाळांपैकी सुमारे ४० टक्के शाळांत हे शिक्षण अपेक्षित दर्जाचे आढळले नाही, आणि नाजूक विषय शिकविण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळालेले नसणे हे त्याचे एक ठळक कारण निघाले. पुढे सप्टेंबर २०२० पासून त्यातील आरोग्य व नातेसंबंध हे भाग तेथील सरकारी शाळांत अनिवार्य झाले.

आपणांस अधिक जवळचा वाटेल असा दुसरा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर केलेल्या या अभ्यासात काही शाळांमधील शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी ध्यानाधारित सजगतेचे पाठ घेण्यात आले, उरलेल्या शाळांत नेहमीचेच शिक्षण चालू राहिले. मुलांचे मानसिक स्वास्थ्य दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले. बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नाही, असेही दिसून आले. यावरून ध्यान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्याचा अभ्यास झाला नाही, त्याच्या माहितीचा काय परिणाम व्हावा?

तिसरे उदाहरण याहून गंभीर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ५७ शाळांमध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलींना अल्पवयीन मातृत्वापासून परावृत्त करण्यासाठी रात्री-अपरात्री रडणारी यांत्रिक बाहुली सांभाळण्यास दिली जात असे. बाळ सांभाळणे किती कठीण असते हे कळले की मुली सावध होतील, ही कल्पना. या मुलींचा वीस वर्षे वयापर्यंत मागोवा घेतल्यावर २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. बाहुली मिळालेल्या गटात सुमारे ८ टक्के मुलींना अपत्य झाले होते, तर बाहुली न मिळालेल्या गटात ४ टक्के मुलींना. गर्भपातांचे प्रमाणही पहिल्या गटात अधिक होते. हेतू उत्तम, युक्ती आकर्षक, शाळा समाधानी. आणि फलित उलटे. मोजले नसते तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणूनच नोंदविला गेला असता.

धी आहे, धृती कोठे?

हे वाचून आधुनिकांना आश्चर्य वाटले असेल. संहिता अभ्यासलेल्या वैद्याला वाटू नये. चरकाचार्यांनी प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती आणि स्मृती या तिन्हींच्या विभ्रंशाचा स्वतंत्र विचार केला आहे. हितकर काय हे न कळणे हा धीचा दोष. कळूनही मनाला अहितापासून आवरता न येणे हा धृतीचा. आणि कळलेले, ठरविलेले ऐन वेळी न आठवणे हा स्मृतीचा. आपले पाऊण तासाचे व्याख्यान, मग ते कितीही रसाळ असो, यांपैकी केवळ धीला स्पर्श करते. गुटखा वाईट हे सातवीतील कोणत्या मुलाला ठाऊक नाही? त्याने त्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळविलेले असते. मधल्या सुट्टीत मित्राने पुडी पुढे केली असता नाही म्हणण्याचे बळ ही धृती, आणि ती ऐकून येत नाही; सरावाने येते.

याच संहितेतील सूत्रस्थानात सातव्या अध्यायात अहितकर सवय कशी सोडावी व हितकर सवय कशी लावावी, याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. एकदम नव्हे, पावापावाने. मध्ये अंतर ठेवून. दवाखान्यात चहा किंवा तंबाखू सोडविताना आपण हा क्रम वापरतो. शाळेत गेल्यावर मात्र ब्राह्ममुहूर्तापासून रात्रिचर्येपर्यंत सर्व दिनचर्या एका दमात सांगून मोकळे होतो. शास्त्र आपल्याच हाती असून त्याचा विनियोग आपण शाळेच्या फाटकाबाहेर ठेवतो, असे खेदाने म्हणावे लागते.

वेगधारण आणि शाळेचे स्वच्छतागृह

याच सातव्या अध्यायाचा आरंभ अधारणीय वेगांनी होतो. हा भाग येथे थोडा विस्ताराने मांडतो, कारण शालेय आरोग्यशिक्षणाची खरी परीक्षा मला तेथे दिसते.

आठवी-नववीतील मुली मूत्रदाह, वारंवार होणारे मूत्रकृच्छ्र, मलावष्टंभ आणि दुपारनंतरचा शिरःशूल या तक्रारी घेऊन येतात, हा आपणां सर्वांचा अनुभव असेल. काही काळापूर्वी अशाच एका मुलीची आई तिला घेऊन आली. वर्षभरात तिसरी खेप. गोक्षुरादी गुग्गुळ, चंद्रप्रभा, धने-जिऱ्याचे पाणी यांनी दर वेळी बरे वाटे आणि शाळा सुरू झाली की पुन्हा तेच. मुलगी चुणचुणीत होती. दिवसाकाठी पाणी किती प्यावे हे तिने बरोबर सांगितले. वेग अडवू नये हेही सांगितले. शाळेत एका डॉक्टरांचे भाषण झाले होते. मग पाणी का पीत नाहीस, असे विचारल्यावर ती आईकडे पाहू लागली. पुष्कळ वेळाने म्हणाली, “जावं लागतं ना मग.” शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. मैत्रिणीला बाहेर दार धरून उभे करावे लागे, आणि तास चालू असताना दोघींना एकदम सोडत नसत. म्हणून सकाळी सात ते दुपारी एक पाणी न पिणे हा तिने शोधलेला उपाय होता. पाळीच्या दिवसांत ती शाळेतच जात नसे.

या मुलीच्या ज्ञानात कोणती उणीव होती? आणखी एक व्याख्यान ऐकून तिचे मूत्रकृच्छ्र थांबले असते काय? येथे हेतू प्रज्ञापराधाचा नव्हताच. निदानपरिवर्जन म्हणजे दाराला कडी बसविणे होते. आईने शाळेत जाऊन दोन-तीन पालकांसह मुख्याध्यापिकांची भेट घेतली, आठवड्याभरात कडी बसली. औषधांचा गुण त्यानंतर टिकला.

२०१९ साली केरळमधील शाळांनी दिवसातून ठरावीक वेळी ‘पाण्याची घंटा’ वाजविण्यास आरंभ केला आणि ती कल्पना इतर राज्यांतही पसरली. घंटा झाली की सर्वांनी आपापल्या बाटलीतील पाणी प्यायचे. भाषण नाही, घोषवाक्य नाही. स्मृतीचे काम घंटा करते आणि सगळेच पीत असल्याने धृतीचे काम वर्ग करतो. कल्पना सुरेख आहे. मात्र जेथे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नाही, तेथे ही घंटा मुलींना संकटच वाटेल. म्हणून क्रम उलटा चालत नाही: आधी कडी, पाणी, साबण आणि मग घंटा.

शाळेचा परिसर, वर्गातील शिक्षण आणि घर या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल करणाऱ्या कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. ६७ प्रयोग त्यात पारखले गेले. शारीरिक हालचाल, फळे-भाज्यांचे सेवन, तंबाखू, सहाध्यायांकडून होणारा छळ अशा बाबतींत लाभ दिसला. तो प्रत्येक मुलामागे लहानच होता, पण सर्व शाळांचा विचार करता उपेक्षणीय नव्हता. मद्यपान, मानसिक स्वास्थ्य अशा इतर बाबतींत खात्रीलायक परिणाम दिसून आला नाही. चमत्कार कोठेही नाही.

नालंदा येथील धडा

भारतातील एक प्रयोग आपल्या विशेष उपयोगाचा आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत तो केला; त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. कार्यक्रमाचे नाव ‘सेहर’. शाळेत आरोग्य समिती, परिपाठाच्या वेळी छोटे संवाद, भित्तिपत्रक, मनातील गोष्ट लिहून टाकण्यासाठी पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि ज्याला हवे त्याला एकांतात सल्ला, असे त्याचे स्वरूप. काही शाळांत हे काम त्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीने केले. ती व्यक्ती डॉक्टर नव्हती, मानसतज्ज्ञही नव्हती. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतीलच एका शिक्षकाकडे दिले. तिसऱ्या गटात केवळ सरकारचा नेहमीचा किशोरशिक्षण कार्यक्रम होता.

नेमलेल्या व्यक्तीच्या शाळांत शाळेचे वातावरण लक्षणीय सुधारले. मुलांमधील विषण्णता, छळ आणि मारहाण कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत, साहित्य तेच असूनही, तिसऱ्या गटाच्या तुलनेत फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षानंतरही हीच दिशा कायम राहिली.

यात शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्याच्या डोक्यावर अभ्यासक्रम, परीक्षा, माध्यान्ह भोजनाच्या नोंदी आणि निवडणुकीची कामे आहेत, त्याला हे अकरावे काम. शिवाय जो गुण देतो, प्रसंगी छडीही उगारतो, त्याच्यापाशी मूल मन कसे मोकळे करणार? मला या प्रयोगातून उमजते ते असे की सामग्रीपेक्षा माणूस महत्त्वाचा, आणि माणसाच्या पदवीपेक्षा त्याचे पुन:पुन्हा येणे महत्त्वाचे. आपल्या पदवीचा अभिमान बाळगूनही हे स्वीकारण्यास हरकत नसावी.

तंबाखूविषयीचा अनुभव याला पुष्टी देतो. दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ नावाचा प्रकल्प राबविला गेला. दोन वर्षे चाललेल्या या कार्यक्रमात विद्यार्थ्यांमधूनच म्होरके निवडून त्यांच्याकरवी वर्गात चर्चा व खेळ घेतले, नकार देण्याचा सराव करविला, पालकांना पत्रे पाठविली. प्रकल्पाच्या शाळांत तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत तो ६८ टक्क्यांनी वाढला. कर्करोगाची भयानक चित्रे दाखवून निघून येणाऱ्या आपल्या पद्धतीशी याची तुलना करून पाहावी.

ज्या विषयावर आपण बोलत नाही

किशोरवयीन मुलांना शरीरधर्माचे शिक्षण द्यावे की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. केंद्राचा किशोरशिक्षण कार्यक्रम २००५ साली आला आणि २००७ साली त्यातील चित्रे व भाषा यांवरून गदारोळ होऊन महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबविला. आक्षेपांत तथ्य किती होते हा वेगळा प्रश्न. पण शाळेने मौन धरले म्हणून मुलांचे कुतूहल व भय थांबले नाही. त्यांना उत्तरे एसटी स्थानकाजवळच्या भिंतींनी दिली, आणि आता हातातील मोबाइल देतो.

स्वप्नदोषाने ‘धातू जातो’, म्हणून अशक्तपणा, स्मरणनाश, पुढे नपुंसकत्व. या भयाने खंगलेली सोळा-सतरा वर्षांची मुले आपल्याइतकी दुसऱ्या कोणत्याही वैद्यकाच्या चिकित्सकाने पाहिली नसतील. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या भयाला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. यातील क्लेशदायक भाग असा की हे भय आपल्याच परिभाषेत बोलते. शुक्र, धातुक्षय, ओज हे शब्द संदर्भातून तोडून भिंतीवर रंगविले गेले. लैंगिक शक्ती वाढविण्याच्या दाव्यांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी त्या दिसतात. आणि अशा बाटल्या विकणारी दुकाने आयुर्वेदाचीच पाटी लावून असतात. औषधविक्रेत्या बंधूंना येथे स्पष्ट विनंती करावीशी वाटते. शाळकरी मुलगा एकटा येऊन हलक्या आवाजात असे औषध मागू लागला, तर त्याला बाटली देऊ नये. शेजारच्या वैद्याकडे पाठवावे. त्या बाटलीतील नफा फार मोठा नसतो.

वास्तविक हा विषय शालीनतेने शिकविण्याची भाषा आपल्या ग्रंथांत आहे. बालवयात शुक्र अव्यक्त असते आणि वयानुसार प्रकट होते, हे समजावताना सुश्रुतसंहितेत कळीतील गंधाचा दृष्टांत योजला आहे. हा दृष्टांत देऊन बोलणे सुरू केले तर वर्गात हशा पिकत नाही आणि कोणा पालकाचा आक्षेपही आलेला माझ्या ऐकण्यात नाही. मात्र मुलांचे खरे प्रश्न समोरासमोर येत नाहीत. त्यासाठी नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची पेटी हवी, आणि पुढील भेटीत उत्तर देण्यासाठी वैद्याने परत यावयास हवे.

आपण काय करू शकतो

आयुर्वेदीय चिकित्सक शाळेबाहेरचा पाहुणा आहे, असे समजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील फिरत्या पथकांची रचनाच दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक स्त्री व एक पुरुष, अशी आहे. शाळेची तपासणी वर्षातून एकदा होते आणि तिचा रोख रोगनिदानावर असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी ‘आरोग्यदूत’ म्हणून अकरा विषय शिकवावेत, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु केवळ शिक्षकांवर भार टाकल्यास काय होते हे नालंदाने दाखविले. या दोन शिक्षकांच्या पाठीशी नियमित येणारा कोणीतरी उभा राहावा लागेल. गावातील वैद्य तो होऊ शकतो.

त्यासाठी वर्षात दहा शाळांत एकेकदा जाण्याऐवजी एका शाळेत दहादा जावे, असे मला सुचवावेसे वाटते. अहवालातील संख्या कमी दिसेल, दिसू द्यावी. पहिल्या भेटीत भाषण करूच नये. शाळा फिरून पाहावी: पाणी कोठून येते, साबण आहे का, दारांना कड्या आहेत का, डब्यांत काय आहे, फाटकाबाहेर काय विकले जाते. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच निषिद्ध आहे. हे अंतर पावलांनी मोजण्याचे काम नववीच्या मुलांना द्यावे. तो त्यांचा त्या महिन्याचा पाठ. नंतर एका महिन्यात एकच सवय घ्यावी, पादांशिक क्रमाने, आणि महिनाअखेर मुलांनी किती पाठ केले हे न विचारता किती केले ते पाहावे. किती साबण संपला, किती बाटल्या रिकाम्या घरी गेल्या, पाळीच्या कारणाने किती मुली गैरहजर राहिल्या, एवढे मोजणे कोणत्याही शाळेला जमते. मात्र शेवटची नोंद शिक्षिकेनेच, कोणाचेही नाव न लिहिता ठेवावी.

सुवर्णप्राशन शिबिरांविषयी दोन शब्द. लेहाध्यायातील त्या संस्काराविषयी आदर आहेच. परंतु शिक्षणाच्या तासाला टेबलावर बाटल्या व मागणीपत्रके मांडलेली असतील, तर सांगितलेले सर्व जाहिरात म्हणून ऐकले जाते. शिबिर वेगळ्या दिवशी, पालकांच्या लेखी संमतीने घ्यावे. औषधनिर्माते व विक्रेते यांना शाळेसाठी काही करावयाचे असल्यास नमुन्यांच्या पुड्यांऐवजी वर्षभराचा साबण, झाकणाच्या बादल्या किंवा कड्या-कोयंडे द्यावेत. त्यावर दुकानाचे नाव घालण्यास कोणाची हरकत नसावी.

शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात त्याहून थोड्या उशिरा. त्यापूर्वी, एप्रिलमध्येच मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीची भेट घ्यावी. किशोरवयाविषयी काय बोलणार आहोत ते समितीतील पालकांना आधी वाचून दाखवावे आणि मुलींच्या सत्रासाठी वैद्य भगिनींनी जावे. वेळापत्रकात महिन्याचा एक ठरलेला वार मागून घ्यावा, कारण सवड मिळेल तेव्हा येण्याचे आश्वासन दिवाळीनंतर पाळले जात नाही.